कर्कश आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे
(गाण्याची पेटी घेताना ट्वीटरची पारख कशी करावी?)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या अंकात विषय जरा निराळा आहे. उसाचे बिल जमा झाले की घराघरांत काही ना काही नवी वस्तू येते. अलीकडे त्यात गाण्याच्या पेट्या, टीव्हीखाली ठेवण्याचे साऊंडबार आणि कमरेइतके उंच टॉवर स्पीकर यांची भर पडली आहे. गावोगावची भजनी मंडळेही वर्गणी काढून स्वतःचा संच घेत आहेत. गट कार्यालयात नोंदीसाठी येणारे सभासद उसाचे बोलणे संपले की विचारतात, "साहेब, पैसे तर भरपूर घातले, पण पेटी लावली की डोकं उठतं. घरातली माणसं म्हणतात, बंद करा ते. काय भानगड असेल?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन मोलाच्या गोष्टी गुंतल्या आहेत. एक, आपला कष्टाचा पैसा. आणि दुसरी, आपले कान. पैसा पुढच्या हंगामात पुन्हा येईल, गेलेले कान परत येत नाहीत. म्हणून हा लेख.

आम्ही काही रेडिओचे कारागीर नव्हे. परंतु पिकाची पाहणी करताना जी शिस्त लागते, तीच इथेही लागते. लेखाचे सार आधीच सांगून टाकतो : दुकानात जो आवाज सर्वांत खणखणीत वाटतो, तोच पुष्कळदा घरी सर्वांत आधी नकोसा होतो. कर्कशपणा निराळा आणि स्पष्टपणा निराळा. हा फरक ओळखता आला की फसगत टळते.

ट्वीटर म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेची कंपने. निरोगी तरुण माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू शकतो. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. पखवाजाची धूम, ढोलाचा ठोका हे खालच्या पट्टीतले. टाळांची किणकिण, घुंगरू, 'स' आणि 'श' ही अक्षरे वरच्या पट्टीतली. या वरच्या पट्टीलाच ट्रेबल म्हणतात.

१०० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे ३.४ मीटर, म्हणजे ११ फूट लांब असते. १०,००० हर्ट्झची लाट अवघी ३.४ सेंटिमीटर, म्हणजे दीड इंचापेक्षाही कमी. मोठी लाट उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून तिथे मोठा पडदा लागतो. तोच मोठा पडदा सेकंदाला दहा हजार वेळा हलवा म्हटले तर जमत नाही, जड पडतो. शिवाय मोठ्या पडद्यातून निघालेला वरचा आवाज टॉर्चच्या झोताप्रमाणे फक्त समोर जातो, बाजूला पसरत नाही. नांगराने खुरपणी होत नाही, तसेच हे.

म्हणून चांगल्या पेटीत दोन किंवा तीन स्पीकर असतात. मोठा तो वूफर आणि लहान तो ट्वीटर. ट्वीटरचा पडदा बहुधा २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच व्यासाच्या घुमटासारखा असतो. पाखरांच्या चिवचिवाटाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. कोणता आवाज कोणाकडे जायचा हे ठरवणारी छोटी जोडणी पेटीत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. पाटाच्या पाण्याची दारे धरणारा गडी जसा एका सरीला बंद करून दुसरीला सोडतो, तसे हिचे काम. दारे धरणारा कच्चा असेल तर एक सरी तुंबते आणि दुसरी कोरडी राहते. पेटीतही नेमके तेच होते.

आजच्या बहुतेक स्पीकरांचे तत्त्व जुनेच आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, आणि वेटोळ्याला चिकटवलेला पडदा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली या पद्धतीचा स्पीकर सिद्ध करून दाखवला. तेव्हापासून साहित्य बदलले, चुंबके सुधारली. मूळ कल्पना तीच राहिली.

कान नेमका कुठे दुखावतो?

आपल्या कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एवढ्या लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. त्यामुळे २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात आपला कान सर्वांत तिखट असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजमापे प्रसिद्ध करून हे दाखवून दिले. तान्ह्या मुलाच्या रडण्यातील पुष्कळसा जोर याच पट्ट्यात पडतो. म्हणून तर शेजारच्या घरात मूल रडले तरी झोपमोड होते. पेटीने या पट्ट्यात थोडासा जरी जादा आवाज काढला तरी तो कानाला बोचतो.

सभासदांच्या सोयीसाठी दोषांची ओळख अशी करून देता येईल :

(१) बोचरेपणा : २,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये चढ. गायकाचा आवाज ओरडल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. सनई आणि हार्मोनियम अंगावर येतात.

(२) सिसकारा : साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये चढ. 'स', 'श', 'च' ही अक्षरे बाकीच्या शब्दापासून सुटून पुढे उडी मारतात. मराठीत चमच्यातला 'च' आणि जहाजातला 'ज' दातांजवळून उच्चारतात, त्यांत हा दोष चटकन सापडतो.

(३) किरकिर : पट्टी कोणतीही असो, आवाजात मुळात नसलेली खरखर मिसळते. वाळू चाळल्यासारखा भास होतो. हा चढ नव्हे, ही मोडतोड होय.

(४) मंदपणा : वरच्यांच्या अगदी उलट. ट्वीटर जळला किंवा थकला की गाणे घोंगडी पांघरून म्हटल्यासारखे येते.

पहिले दोन दोष बटण फिरवून थोडेफार कमी होतात. तिसरा बटणाने जात नाही. चौथ्याला दुरुस्तीच लागते.

कापडी का धातूचा?

ट्वीटरचा घुमट रेशमी कापडाचा असतो, ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचा असतो, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचाही असतो. स्वस्त पेट्यांत कागदी पडद्याचे आणि पिझो जातीचेही ट्वीटर येतात. पिझोमध्ये चुंबक व वेटोळे नसते. वीज लागली की आकार बदलणारी एक चकती असते. ती स्वस्त आणि दणकट, पण तिचा आवाज बहुधा सपाट नसतो, मधेच उंचवटे असतात. सार्वजनिक कार्यक्रमांच्या मोठ्या पेट्यांत तोंडाला कर्णा लावलेले ट्वीटर असतात. आवाज लांब फेकणे हे त्यांचे काम.

दुकानदार सांगतात, कापडी ट्वीटर गोड आणि धातूचा कर्कश. हे सरसकट खरे नाही. प्रत्येक पडदा कुठल्या तरी कंपनाला भांड्यासारखा घणघणतो. एक इंची धातूच्या चांगल्या घुमटात ती जागा २०,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे आपल्या ऐकण्यापलीकडे ठेवलेली असते. हलक्या बनावटीत ती खाली उतरते आणि त्रास देते. उलट, कापडी ट्वीटरला झेपणार नाहीत असे खालचे आवाज क्रॉसओव्हरने त्याच्याकडे जाऊ दिले, तर तोही ओरडतो. एकच जात एका रानात साधते आणि दुसऱ्या रानात रुसते, हे आपण पाहतोच. नुसत्या जातीवरून पीक ठरत नाही.

खोक्यावरचे आकडेही असेच. हजारो वॅट छापलेले असतात, शेजारी पी.एम.पी.ओ. ही अक्षरे असतील तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आर.एम.एस. वॅट किती ते विचारावे. आणि वॅटवरून गोडवा कळत नाही, जसा टनेजवरून उतारा कळत नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढेच छापले असेल तर तेही अपुरे. त्या दरम्यान किती डेसिबलचा चढउतार आहे, अधिक-उणे तीन की अधिक-उणे दहा, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नाही.

जपानच्या एका पेटीची हकीकत

मोठ्या नावाची कंपनी म्हणजे कर्कशपणा नाही, असेही समजू नये. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ साली एन.एस.-१० नावाची पांढऱ्या वूफरची पेटी घरगुती वापरासाठी बाजारात आणली. घरात ती फारशी कोणाला रुचली नाही. आवाज कोरडा आणि वरचा स्वर तिखट. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींनी ती उचलली. त्यांचे म्हणणे असे, की या पेटीवर गाण्यातली प्रत्येक चूक उघडी पडते. हिच्यावर जे बरे वाटले ते कुठेही बरे वाटेल. बघता बघता जगभरच्या स्टुडिओंत ती जाऊन बसली.

तरी तिचा ट्वीटर त्यांनाही सोसवेना. मग लोक ट्वीटरवर पातळ टिश्यू कागद लावू लागले. कागदामागून कागद निराळा, तसा परिणामही निराळा. आवाजाची धार कमी झाली, परंतु काही लाटा कागदावरून माघारी फिरल्या आणि आवाजात नवे खड्डे पडले. अखेर १९८७ साली कंपनीने ट्वीटर सौम्य करून स्टुडिओसाठी सुधारित पेटी काढली. वूफरच्या कागदासाठी लागणारा विशिष्ट लगदा मिळेनासा झाल्याने २००१ साली तिचे उत्पादन थांबले.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे चुका दाखवणारी पेटी आणि संध्याकाळी निवांत ऐकायची पेटी यांची कामे वेगळी. मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा कोणी ओसरीवर मांडत नाही. दुसरी म्हणजे कागद, फडके, चिकटपट्टी हे उपाय म्हणजे मलमपट्टी. घरी ट्वीटरवर फडके टाकण्याची वेळ आली असेल, तर दोषाचे मूळ शोधायला हवे.

दोष ट्वीटरचाच असतो असे नाही

ऊस पिवळा पडला की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. परंतु पिवळेपणा चुनखडीच्या रानात लोहाच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्यानेही येतो, आणि मुळावर हुमणी लागली तरी येतो. युरियाने यांतले काहीच बरे होत नाही. पेटीचेही तसेच. ट्वीटर बदलण्याआधी खालील बाबी एकेक करून तपासाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

खोली : स्लॅबचे छत, गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि मोकळी खोली. अशा ठिकाणी वरचे स्वर भिंतीवरून भिंतीवर आदळत राहतात. खोलीच्या मधोमध उभे राहून जोरात टाळी वाजवावी. टाळीमागे 'झर्र' असा शेपटा ऐकू आला तर निम्मा दोष खोलीचा. जमिनीवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीवर पडदा किंवा गोधडी, एखादे कपड्यांचे उघडे कपाट एवढ्यानेही फरक पडतो. याला खर्च जवळजवळ नाही, म्हणून हे पहिले करावे.

मांडणी : ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याचा कान साधारण अडीच फुटांवर असतो. पेट्या माळ्यावर किंवा कपाटावर चढवल्या की खालचे-वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. कोपऱ्यात कोंबल्या की बेस फुगतो; मग माणूस ट्रेबल चढवतो आणि दोन्हीकडून बिघडते. पेटीचे तोंड अगदी कानावर रोखलेले असेल तर थोडे बाजूला वळवून पाहावे; नुसत्या त्याने बोचरेपणा उतरल्याची उदाहरणे पुष्कळ.

बटणे : ट्रेबल, बेस, इक्वलायझर सर्व मध्यावर आणावे. मोबाइल आणि टीव्ही यांच्या आतही आवाज 'सजवण्याच्या' सोयी असतात, त्या बंद कराव्यात. पुष्कळदा मोबाइलमध्ये एकदा, ॲम्प्लिफायरमध्ये दुसऱ्यांदा आणि पेटीत तिसऱ्यांदा ट्रेबल चढवलेला असतो.

रेकॉर्डिंग : एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरत आलेल्या, फार दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये टाळ-झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा सळसळतो. तो दोष पेटीचा नव्हे. चार-पाच निरनिराळी गाणी, निरनिराळ्या काळातली, लावून पाहावीत. एकच गाणे टोचत असेल तर गाण्यात खोट; सगळीच टोचत असतील तर संचात.

ॲम्प्लिफायर : ताकदीपलीकडे आवाज चढवला की ॲम्प्लिफायरमध्ये लाटांचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि ते सरळ ट्वीटरकडे जातात. आवाज फाटतो तो असा. ट्वीटरचे वेटोळे अतिशय बारीक तारेचे. पेटीवर लिहिलेल्या वॅटच्या मानाने फारच थोडी वीज त्याला सोसते. लग्नकार्यात लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळून रात्रभर चालवला, की सकाळी ट्वीटर मुका होतो, त्याचे हेच कारण.

वूफर आणि क्रॉसओव्हर : ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कानाला बोचणारा ३,००० ते ५,००० हर्ट्झचा चढ कित्येकदा ट्वीटरमधून येतच नाही, वूफरमधून येतो. मोठ्या पडद्याला त्याच्या पल्ल्याबाहेरचा आवाज दिला की तो वेडावाकडा फडफडतो. चांगल्या क्रॉसओव्हरमध्ये वूफरला वरचे स्वर अडवणारे तारेचे वेटोळे असते. स्वस्त पेटीत ते वगळून ट्वीटरला नुसता एक कपॅसिटर लावलेला असतो. मग वूफर वरपर्यंत ओरडतो, ट्वीटर खालपर्यंत राबतो, आणि दोघांची भांडणे आपल्या कानावर येतात. तपासायचे असेल तर ट्वीटरवर जाड उशी धरून ऐकावे. बोचरेपणा कायम राहिला तर चोर दुसरा आहे.

पारख करण्याची रीत

फडाची पक्वता पाहताना आपण एकाच उसावर निकाल देत नाही. फडात आत शिरून निरनिराळ्या ठिकाणचे ऊस घेतो, शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स वेगवेगळा पाहतो. दोन्ही जवळ आले की ऊस तयार. नुसत्या बुडख्याच्या गोडीवर तोड दिली तर उतारा बसतो. पेटीतही वरचे आणि खालचे स्वर एकमेकांच्या मेळात हवेत. त्यासाठी आम्ही सुचवतो ती रीत अशी :

१) ज्याचा खरा आवाज ठाऊक आहे तेच लावावे. दुकानदार आपल्या पेटीला शोभेल तेच गाणे लावतो. आपण आपले न्यावे. आपल्याकडे टाळांसारखी कसोटी नाही. सप्ताहात, दिंडीत टाळ आपण जवळून ऐकलेले आहेत. खऱ्या टाळात आधी धातूचा ठोका, मग लांबत जाणारी झणकार आणि ती हळूहळू विरते. पेटीवर नुसते 'चिस् चिस्' आले, प्रत्येक टाळ सारखाच वाटला, झणकार मधेच तुटली, तर ट्वीटर बरा नव्हे. पं. भीमसेन जोशी यांचे अभंग, लता मंगेशकर यांची जुनी गाणी आणि आकाशवाणीच्या बातम्या अशी तीन तऱ्हेची नमुनादाखल निवड ठेवली तर पुरुषाचा आवाज, स्त्रीचा आवाज आणि नुसते बोलणे तिन्ही तपासले जाते.

२) दोन्ही पेट्यांचा आवाज सारखा करून घ्यावा. थोडी मोठी वाजणारी पेटी माणसाला 'चांगली' वाटते. ती मोठी आहे हे लक्षातही येत नाही. मोबाइलवरील आवाज मोजण्याची सोय अचूक नसली तरी दोन पेट्या समान करण्यापुरती चालते.

३) नाव व किंमत न बघता ऐकावे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांकडून गुण देवविले. डोळ्यांआड ऐकताना बहुतेकांची पसंती एकाच तऱ्हेच्या पेट्यांना मिळाली : ज्यांचा आवाज समोरून आणि बाजूनेही सपाट, उंचवट्यांवाचून येतो अशांना. १९९४ साली टूल आणि ऑलिव्ह यांनी दाखवले की पेटी डोळ्यांसमोर असली की तिचा आकार, नाव आणि किंमत निकालात शिरतात. आपल्याकडे एक चादर आणि पेट्या बदलणारा एक भाचा एवढ्यावर हा प्रयोग होतो.

४) बाजूला सरकून ऐकावे. समोर बसून, मग दोन हात डावीकडे, मग उभे राहून. चांगल्या ट्वीटरचा आवाज थोडा मवाळ होतो, पण त्याची जात बदलत नाही. घरात सगळेच काही पेटीसमोर बसत नाहीत.

५) हळू आवाजातही ऐकावे. हळू लावल्यावर शब्द कळत असतील तर ती स्पष्टता. कळण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि वाढवला की टोचतो, ही कर्कशतेची पक्की खूण.

६) अर्धा तास तरी द्यावा. ही सर्वांत मोठी कसोटी. पाच मिनिटांत चकचकीत आवाज जिंकतो. अर्ध्या तासाने कपाळ जड झाले, हात आपोआप आवाज कमी करायला गेला, तर कानाने निकाल दिला असे समजावे. दुकानात एवढा वेळ देत नसतील तर परत घेण्याच्या बोलीवर दोन दिवस घरी आणून बघावे. भजनी मंडळांनी तर संच घेण्याआधी एका एकादशीच्या भजनाला तो लावून पाहावा. मंडळांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : गाण्याच्या पुष्कळ मायकांत शब्द उठून दिसावेत म्हणून ५,००० हर्ट्झच्या आसपास मुद्दामच चढ ठेवलेला असतो. त्यावर तिखट ट्वीटरची पेटी जोडली की तिखटात तिखट पडते, आणि शिट्टीही लवकर सुटते.

आधी आपले कान तपासावेत

आता थोडे कटू बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य ट्रॅक्टर, मळणी यंत्र, डिझेल इंजिन आणि कारखान्यातील मिल हाऊस यांच्या सान्निध्यात गेले आहे. मोठ्या आवाजाने कान जातात ते एकदम जात नाहीत. सर्वांत आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे कमी होते. वयोमानाने जाते तेही वरून खाली जाते. त्यामुळे बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. रातकिडे ऐकू येईनासे होतात आणि माणसाला वाटते, यंदा रातकिडेच कमी झाले.

अशा कानाला बरी पेटीसुद्धा मंद वाटते. मग घरातला कर्ता माणूस ट्रेबल शेवटपर्यंत चढवतो, किंवा दुकानातून सर्वांत तिखट पेटी घेऊन येतो. त्याला ते ठीक वाटते. घरातल्या बायामुलांच्या मात्र डोक्यात घण बसतात. त्यांचे कान शाबूत असतात, हाच त्यांचा गुन्हा. टूल यांच्या प्रयोगांतही ज्यांचे ऐकणे कमी झाले होते त्यांचे निकाल एकसारखे राहत नव्हते, आज एक तर उद्या दुसरा. म्हणून पेटी पसंत करताना घरातील स्त्रिया आणि तरुण मुले यांना बरोबर न्यावे आणि त्यांचे म्हणणे मानावे. 'बायकांना त्यातलं काय कळतंय' हे बोलणे सोडून द्यावे. पुष्कळ घरांत खरा ऐकणारा कान त्यांचाच आहे.

ज्यांना शब्द निसटल्यासारखे वाटतात त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणाचा आलेख काढून घ्यावा. ही तपासणी दुखत नाही आणि तिला फार वेळही लागत नाही. पेटी बदलून कान सुधारत नाही. गरज असेल तर श्रवणयंत्राने मात्र शब्द परत येतात.

जे कान अजून चांगले आहेत ते राखायचे असतील तर एक हिशेब ध्यानात ठेवावा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही जपणुकीची मर्यादा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर ती मर्यादा गाठली असे समजावे. कर्कश पेटी असो वा गोड, हा हिशेब दोघींना सारखाच लागू आहे.

घरच्या ट्वीटरची निगा

घुमटाला बोट लावू नये; लहान मुलांना तो दाबून बघायचा फार मोह होतो. पुढची जाळी काढून ठेवू नये. गाळप हंगामात उडणारी काजळी आणि भुसा पेटीवर बसतो, तो मऊ कोरड्या ब्रशने वरच्यावर झाडावा. घुमटावर ओले फडके फिरवू नये. पेटी थेट उन्हात ठेवू नये. काही ट्वीटरमध्ये वेटोळे थंड राहावे म्हणून चुंबकाच्या फटीत लोहकणांचे तेल भरलेले असते. बऱ्याच वर्षांनी ते घट्ट होते आणि आवाज मंदावतो. क्रॉसओव्हरमधील काही जातींचे कपॅसिटरही वयाने सुकतात. म्हणून जुनी, नावाजलेली पेटी कोणी स्वस्तात देत असेल तर दोन्ही पेट्यांचे ट्वीटर सारखे वाजतात का, हे एकेक पेटी आळीपाळीने लावून पाहावे.

ट्वीटर अगदीच मुका असेल तर जाणत्या कारागिराकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावा. आठ ओहमचा ट्वीटर साधारण सहाच्या आसपास दाखवतो. काटा हललाच नाही तर वेटोळे तुटले. बदलताना त्याच बनावटीचा बसवावा. दिसायला तसाच पण भलताच ट्वीटर बसवला तर क्रॉसओव्हरशी त्याचा मेळ बसत नाही आणि नवी कर्कशता विकत घेतल्यासारखे होते.

एकंदरीत सांगायचे ते इतकेच. आवाज कानावर आदळला म्हणजे तो स्वच्छ झाला असे नव्हे. स्वच्छ आवाज हळू लावला तरी शब्द पोहोचवतो, टाळाची झणकार विरेपर्यंत ऐकवतो, आणि तासाभराने घरातले कोणी 'बंद करा' म्हणत नाही. पेटीचा शेवटचा दाखला घरातल्या माणसांकडूनच घ्यावा. तरी या दिवाळीत खरेदी करणाऱ्या सभासदांनी आणि भजनी मंडळांच्या चालकांनी वरील रीतीने पारख करूनच पैसे मोजावेत, अशी विनंती आहे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते